पहिला पगार हाती आला की

अगं, पहिला पगार झाला ना, की घरी पेढे दे आणि लगेच पीपीएफचं, म्हणजे पब्लिक प्रॉव्हिडंट फंड या सरकारी बचत योजनेचं, खातं उघड. पोस्टात किंवा बँकेत, वर्षाला किमान ५०० रुपये भरले तरी चालतं. एक मात्र पक्कं लक्षात ठेव: पैसे महिन्याच्या ५ तारखेच्या आत भर. व्याज धरताना ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंतची सगळ्यात कमी शिल्लक बघतात. ६ तारखेला भरलेल्या पैशांना त्या महिन्याचं व्याज मिळत नाही. खातं १५ वर्षांचं असतं, म्हणून अडीअडचणीसाठी थोडे पैसे बाजूला राहू देत. आणि पासबुक स्वतःकडे ठेव. बाबा, भाऊ, उद्या नवरा, कितीही चांगले असोत, आपले व्यवहार आपल्याला कळायलाच हवेत. या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

पुस्तकं सगळीच विकत घ्यायला नकोत. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं. वर्गणी भर. लोकलमध्ये बसायला मिळालं की चार पानं होतातच.

घरकामाला येणाऱ्या मावशींचे आभार नुसते तोंडाने मानू नकोस. पगार ठरल्या तारखेला, आजारपणाची भरपगारी सुट्टी, दिवाळीला बोनस, आणि चहा आपण पितो त्याच कपात.