मानशीचं दार

"गोळी सुरू करून आठवडा झाला. फरक शून्य, उलट मळमळतंय. बंद करू?" पणजीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्यांदा येतो की, दारात पाऊल पडतानाच तो मला ओळखू येतो.

चोडणचे एक भाई (ओळखीचे तपशील बदललेत) रायबंदरची फेरी पकडून यायचे. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीत, शेती. पहाटे तीनला झोप उडायची, जेवण मातीसारखं लागायचं, बांधाकडे पाय वळत नव्हता. मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी दिलेली.

मी नेहमीचं चित्र काढलं. मेंदूतल्या दोन पेशी, मध्ये फट. मिलिमीटरचे पन्नास हजार भाग करा, त्यातल्या एका भागाएवढी. एक पेशी सेरोटोनिन हे निरोप नेणारं रसायन सोडते, दुसरी निरोप घेते, उरलेलं पहिलीच परत ओढून घेते. गोळी हे ओढून घेणं रोखते.

भाई कागदाकडे बघत राहिले. "बाय, ही मानस मगे?"

मला वाटलं, मनाबद्दल बोलताहेत. माझा चेहरा बघून ते हसले. तीन भेटींत पहिल्यांदाच.

"बांधातली मानस हो! ओहोटीला तिच्यातून पाणी बाहेर जातं. दार धरून ठेवलं की आत थांबतं. गोळी दार धरते, असंच ना?"

"अगदी. तेही काही तासांत."

"मग पीक कुठे?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. गिळलं. इतक्या वर्षांत एवढं तरी जमायला लागलंय!

"बांध फुटला होता एकदा," ते सावकाश म्हणाले. "मानस दोन दिवसांत नीट केली. पण जमिनीतलं मीठ पावसानं धुऊन जाईपर्यंत खारं सोसणारा कोरगुट भातसुद्धा धरला नाही."

माझ्या चित्रात नेमका हाच पाऊस नव्हता. सेरोटोनिन वाढलं की पेशी आधी स्वतःच हात आखडता घेते. तो आखडलेला हात सैल व्हायला आणि पेशींमधले दुवे नव्यानं जुळायला आठवडे लागतात. म्हणून साधारण दोन ते चार आठवड्यांनी फरक जाणवू लागतो, पुरता यायला आणखी वेळ लागतो. ("सेरोटोनिन कमी म्हणून नैराश्य" हे फारच सोपं केलेलं गणित आहे, मीही पूर्वी तेच सांगायचे.) मळमळीचं कारणही साधं आहे. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं, त्यामुळे सुरुवातीला पोट कुरकुरतं, बहुतेकांचं थोड्या दिवसांत शांत होतं. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण अचानक सोडल्या तर चक्कर, बेचैनी होऊ शकते; कमी करायच्या त्या डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. आणि सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थता वाढली किंवा जीव नकोसा वाटला, तर पुढच्या भेटीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

माझा भर मात्र गोळीइतकाच पायांवर असतो. उत्साह आला की चालेन, असं म्हणणारा बसूनच राहतो. भाईंना सांगितलं, रोज दहा मिनिटं बांधावर. काम करायचं नाही, नुसतं जायचं.

पाचव्या आठवड्यात वहिनी सोबत आल्या, तक्रार घेऊन.

"काल हुमण खारट झालं म्हणून ताट सरकवलं यांनी!"

भाई खाली मान घालून म्हणाले, "खारटच होतं."