शूटिंगच्या आधीच्या सह्या

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

पटकथा दोन दिवसांत दोनदा वाचली. पोळ्याच्या सकाळी आजोबा बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावत बसलेत आणि नातू मागून विचारतो, "ह्याला खरंच विकायचंय?" तिथे मी कागद खाली ठेवले आणि थोड्या वेळाने पुन्हा उचलले. ही फिल्म व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं, म्हणून तुझ्या बजेटबद्दल लिहिते आहे. एवढ्या लांबलचक शीटमध्ये 'लीगल' हा शब्द एकदाच आलाय, शेवटून दुसऱ्या ओळीत: 'लीगल व किरकोळ, १५ हजार'. जनरेटरच्या डिझेलला तू त्याच्या आठपट धरलेत.

आधी, तुझी पटकथा ज्या कथेवर बेतली आहे तिचं बोलू. कथालेखक १९८७ साली गेले, असं तू लिहितेस. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे साहित्यावरचा हक्क लेखकाच्या हयातीत असतो आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून आणखी ६० वर्षं टिकतो. म्हणजे ३१ डिसेंबर २०४७ पर्यंत ही कथा कुणाच्या तरी मालकीची आहे. त्यांचा मुलगा फोनवर म्हणाला, "करा की, बाबांना आनंद झाला असता." हे त्याचं मोठेपण, पण त्याने तुझ्या हाती काही आलेलं नाही. हक्क लेखी आणि सहीनिशी दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. शिवाय तो एकट्या मुलाला देता येईल असंही धरून चालू नकोस. लेखकाने मृत्युपत्र केलं होतं का, हे विचार. नसेल तर पत्नी, सगळे मुलगे आणि सगळ्या मुली, लग्न होऊन गेलेल्यासुद्धा, सारख्याच वारस. तूच जाता जाता लिहिलंयस, 'त्यांना दोन मुलीही आहेत, एक बहुधा बेळगावला.' त्या 'बहुधा'पाशी मी अडले.

का अडले ते सांगते. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मराठी चित्रपटाचे कागद मी पाहिले होते. तोही कथेवरच बेतलेला होता, लेखक हयात नव्हते आणि थोरल्या मुलाची सही घेतलेली होती. कागद करणाऱ्यांत मीही होते. वारसांची यादी मागायची मला सुचलं नाही. चित्रपट चांगला झाला, महोत्सवांत फिरला. पुढे मोठ्या विक्रीची बोलणी आली तेव्हा समोरच्या वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला: हक्कांची साखळी दाखवा, लेखकापासून तुमच्यापर्यंत, एकही कडी न गाळता. कडी गळालेली होती. लेखकाची मुलगी नवऱ्याच्या नोकरीमुळे गावोगाव बदलत गेलेली, आणि भावाशी तिचं बोलणं नव्हतं. तिला शोधायला तीन महिने लागले. सापडली त्या दिवशी तिने स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कागद ठेवून तिथल्या तिथे सही केली आणि वडिलांच्या हस्ताक्षरातलं त्या कथेचं पहिलं पानही दाखवलं. तिची काही तक्रार नव्हती. पण तोवर ती विक्री हातची गेली होती, आणि निर्मात्याने घर गहाण ठेवून पैसे उभे केले होते. तेव्हापासून माझ्याकडे कुणी कथा घेऊन आलं की मी आधी घरात माणसं किती ते विचारते.

कथासंग्रहाच्या प्रकाशकाबरोबरचा लेखकाचा करारही मागव. काही जुन्या करारांत 'नाट्य-चित्रपट रूपांतराचे हक्क' एका ओळीत प्रकाशकाकडे गेलेले असतात.

मग वारसांशी करार. तो मोघम ठेवलास तर रिकाम्या जागा कायदा भरतो, आणि त्या तुझ्या सोयीने भरत नाही. मुदत लिहिली नाही तर हक्क पाच वर्षांचा धरतात. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरता. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात त्याबद्दल काही म्हटलेलं नसेल, तर तो परत मूळ मालकाकडे जातो. तुझं शूटिंग पुढच्या पोळ्याला आहे, पाऊस हुकला तर त्याच्या पुढच्या. तेव्हा हे वर्षभराचं कलम नीट वाच. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आणखी एक गोष्ट आहे: करार होताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचे हक्क नावानिशी लिहिल्याखेरीज मिळत नाहीत. म्हणून चित्रपटगृह, दूरचित्रवाणी, ओटीटी, विमानातलं प्रदर्शन, डबिंग, रिमेक हे सगळं एकेक करून लिहायचं. 'सर्व हक्क' या दोन शब्दांवर विसंबू नकोस.

तू शेवट बदलला आहेस, हेही वारसांना आधीच सांग. कथेत बैल विकला जातो, तुझ्या पटकथेत तो परत येतो. हक्क विकल्यानंतरही लेखकाला आपल्या कृतीच्या विपर्यासाला हरकत घेता येते, आणि लेखकामागे त्याच्या वारसांनाही. मन्नू भंडारींच्या 'आपका बंटी' या कादंबरीवरून चित्रपट झाला तेव्हा त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. १९८६ च्या त्या निकालात न्यायालयाने म्हटलं की माध्यम बदलताना फेरफार होणारच, पण मूळ कृतीचं रूप विद्रूप करता येणार नाही. तुझा बदल विपर्यास आहे असं मला वाटत नाही. तरी पटकथा त्यांना वाचायला दे आणि वाचल्याचं करारात नमूद कर.

आता जे तुला आवडणार नाही ते. पत्रात तू चार वेळा 'माझी फिल्म' लिहिलंस. मित्राचे काका पैसे घालणार, बॅनर त्यांचा, करार सगळे त्यांच्या नावाने. आपल्या कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. दिग्दर्शक नव्हे. दिग्दर्शकालाही सहकर्ता मानावं असा प्रस्ताव २०१० च्या विधेयकात होता, पण २०१२ साली झालेल्या दुरुस्तीत तो आला नाही. मला आजही ते चुकीचं वाटतं. पण आज कायदा असा आहे, तेव्हा तुला जे हवं ते काकांबरोबरच्या करारात मागून घ्यावं लागेल: श्रेयनामावलीत नाव कुठे आणि कसं, अंतिम संकलनावर शब्द कुणाचा, नफ्यात वाटा किती, रिमेक झाला तर आधी तुला विचारायचं की नाही. शूटिंग सुरू झाल्यावर हे मागायला गेलीस तर अवघड होऊन बसेल. काका सज्जन आहेत असं तू म्हणतेस, मग आत्ता विचारायला अडचण नसावी.

तुझा सहलेखक मित्र 'आपल्यात कसला करार' म्हणतोय, ते ऐकू नकोस. त्याच्यासाठीच ऐकू नकोस. पटकथा, गीत आणि संगीत यांच्या कर्त्यांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीचा समान वाटा २०१२ पासून कायद्याने मिळाला आहे. तो त्यांना स्वतःहून सोडूनही देता येत नाही. 'मी सर्व रॉयल्टीवरील हक्क सोडत आहे' असं छापील वाक्य अजून कित्येक करारांत दिसतं. तुझ्या करारांत मला ते दिसता कामा नये.

मालिकेच्या कल्पनेचं विचारलंस. नुसत्या कल्पनेवर कुणाचाच कॉपीराइट नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या नाटकाच्या खटल्यात हे स्पष्ट केलं: विषय एक असू शकतो, मांडणी चोरता येत नाही. म्हणून वाहिनीच्या बैठकीत तोंडी गोष्ट सांगून येऊ नकोस. पात्रं, पहिल्या काही भागांची रूपरेषा, प्रसंग असं सगळं लिही, स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदव म्हणजे तारखेचा पुरावा राहील, आणि बैठकीआधी ईमेलने पाठवताना 'विश्वासाने सादर करत आहे' असं स्पष्ट लिही. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल या प्रकरणात अशाच विश्वासाने सांगितलेल्या, तपशिलात मांडलेल्या संकल्पनेला संरक्षण दिलं. शीर्षकाचं मात्र मनाला लावून घेऊ नकोस. नुसत्या नावावर कॉपीराइट नाही, हे २०१५ मध्ये 'देसी बॉइज' या नावाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलंय.

गाण्याचं. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा आहे, पण तू संदर्भासाठी लावलेलं ध्वनिमुद्रण सगळ्यांचं नाही. चालीचा हक्क संगीतकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर ६० वर्षं, आणि दोघांचे मालक बहुधा वेगळे. 'सात सेकंदांपर्यंत चालतं' असं तुझा संकलक म्हणतो. असं कुठल्याही कलमात नाही. नवी चाल बांधून घे, गावातल्या भजनी मंडळाकडून म्हणवून घे, आणि त्यांचीही संमती लेखी घे. मिरवणुकीच्या प्रसंगात डीजे प्रत्यक्ष गाणी वाजवणार असेल तर ते बंद ठेवून शूट कर, आवाज नंतर भर.

आता त्या मुलाचं. तू निवडलेला मुलगा दहा वर्षांचा आहे, आणि वेळापत्रकात सलग ३४ दिवस, रोज सकाळी सहा ते रात्री नऊ, त्याचं नाव आहे. बालकामगार कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे त्याला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि सलग २७ दिवसांपेक्षा जास्त तर नाहीच. ज्या जिल्ह्यात शूटिंग, तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. त्याच्या मानधनातला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत जायला हवा. त्याच्या मनाविरुद्ध त्याला कॅमेऱ्यासमोर उभं करता येत नाही. हे शेवटचंही नियमातच लिहिलेलं आहे, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. दहा वर्षांचं पोर 'नाही' म्हणताना बऱ्याचदा नुसतं गप्प बसतं. सेटवर चाळीस मोठी माणसं प्रकाश जातोय म्हणून घाईला आलेली असतात, तेव्हा त्या गप्प बसण्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्याच्यासाठी एक माणूस नेम, ज्याचं दिवसभर दुसरं काही काम नसेल: त्याचा अभ्यास, जेवण, झोप आणि त्याचा चेहरा. बजेटमध्ये तो पगार धर. वेळापत्रक मोडून पुन्हा बांध. आजोबांचे एकट्याचे प्रसंग खूप आहेत, ते मधे टाक, म्हणजे मुलाला सुट्ट्या मिळतील. रात्रीचा गोठ्यातला प्रसंग दिवसा खिडक्या झाकून घेता येईल का, हे तुझ्या कॅमेरामनला विचार.

बैलासाठीही परवानगी लागते, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची, आणि शूटिंगच्या आधी. बैल नुसता गोठ्यात उभा असला तरी अर्ज कर. सेन्सॉरकडे जाशील तेव्हा ते प्रमाणपत्र मागतील, आणि तेव्हा मागची तारीख टाकता येणार नाही. आजोबा तंबाखू मळतात ते पात्राला शोभतं, ठेव. फक्त चित्रपटाच्या सुरुवातीला आणि मध्यांतरानंतर आरोग्याचा इशारा, आणि त्या दृश्यात पडद्यावर सूचना, हे संकलनात विसरू नका. युनिटमध्ये दहापेक्षा जास्त माणसं असणार, तेव्हा लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती नेमावी लागेल, आणि कुणाकडे जायचं ते पहिल्या दिवशी सगळ्यांना, स्पॉटदादांपासून मेकअपच्या मुलींपर्यंत, सांगावं लागेल. यात चालढकल करू नकोस.

मुख्याध्यापकाच्या पात्राने मला बेचैन केलं. तो माणूस तुझ्या गावात आजही आहे, असं तूच बोलण्यात म्हणाली होतीस. 'सर्व पात्रं काल्पनिक' ही पाटी लावली तरी सबंध गाव त्याला चष्म्यावरून ओळखणार असेल, तर ती पाटी तुला वाचवणार नाही. न्यायालयाच्या कागदपत्रांत असलेल्या गोष्टी वेगळ्या, पण लाच घेतल्याचा तो प्रसंग तुझ्याकडे फक्त ऐकीव आहे. गाव बदल, विषय बदल, चष्मा काढ. गोष्टीला त्याने धक्का लागत नाही.

सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची आत्ताच काळजी नको. तुला यू, म्हणजे सगळ्यांना खुलं, मिळावं, किंवा फार तर २०२३ च्या दुरुस्तीने आलेल्या यूए ७+ वर्गात जाशील, म्हणजे सात वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांचं मार्गदर्शन हवं. पण प्रदर्शनाच्या तारखेआधी मोकळे आठवडे ठेव. सेन्सॉरच्या निर्णयावर अपील ऐकणारं न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झालं, आता वाद झाला तर थेट उच्च न्यायालय.

करारांचा मुद्रांकही बघावा लागेल. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून जिथे १०० चा कागद चालायचा तिथे ५०० चा लागतो, आणि रक्कम मोठी असेल तर त्याहून जास्त. मुद्रांक कमी पडला तर न्यायालयात दंड भरेपर्यंत तो करार पुढे करता येत नाही.

'लीगल व किरकोळ' मधलं 'किरकोळ' काढ आणि ती ओळ वर, कथेच्या शेजारी आण. माझी फी त्यात धरू नकोस.

शनिवारी संध्याकाळी घरी ये. कथा ज्यात छापून आली तो मासिकाचा अंक आण, काकांनी पाठवलेला कराराचा मसुदा आण, आणि जमलं तर त्या मुलाच्या आईला सोबत घेऊन ये, मला तिच्याशी बोलायचंय. बेळगावच्या बाईंचा नंबर तोवर मिळाला नाही तरी ये. इथूनच दोघी मिळून शोधू.

तुझी,
मावशी