हिमयुगाचं बीज उन्हाळ्यात

प्रश्न : पृथ्वीच्या फिरण्यातल्या बारीक बदलांनी हिमयुग सुरू होतं, असं वाचलं. पण वर्षभरात मिळणारी उष्णता तर फारशी घटत नाही म्हणे. मग एवढा बर्फ साठतो कसा? आणि तेव्हा सोलापुरात काय होत असेल?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : भूगोल शिकवायचो तेव्हा मुलं या प्रश्नावर हमखास ‘थंडी वाढते म्हणून’ असं सांगायची. पण खरी मेख उन्हाळ्यात आहे. कॅनडाच्या उत्तरेला हिवाळ्यात बर्फ पडतोच. तो उन्हाळ्यात वितळला नाही, तरच पुढच्या वर्षीचा त्यावर चढतो. म्हणून तर सर्बियाच्या मिलुटिन मिलान्कोविच यांनी ६५ अंश उत्तर अक्षांशावरच्या उन्हाळी उन्हाचा हिशोब मांडला.

पृथ्वीच्या आसाचा कल सुमारे ४१ हजार वर्षांच्या फेऱ्यात साधारण २२.१ ते २४.५ अंशांदरम्यान बदलतो. कल घटला की ध्रुवांकडचा उन्हाळा सौम्य होतो. शिवाय पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असण्याचा काळही हळूहळू सरकतो. आज तो जुलैच्या सुरुवातीला येतो. (मे महिन्यात भर माथ्यावर सूर्य झेलणाऱ्या सोलापूरकराला हे पटवणं अवघड!) सुमारे १ लाख १५ हजार वर्षांपूर्वी कल कमी होता, उत्तरेच्या उन्हाळ्यात पृथ्वी लांब होती आणि कक्षाही आजच्यापेक्षा लांबट होती. तिन्ही गोष्टी एकदम जुळल्या.

पण नुसत्या गारव्याने बर्फ पडत नाही, त्याला वाफ लागते. मला हा भाग सगळ्यांत विलक्षण वाटतो. उत्तरेची जमीन गार पडू लागली तरी अटलांटिकचे प्रवाह दक्षिणेचं कोमट पाणी वर आणतच होते. त्याच पाण्याच्या वाफेने हिमथरांना खाद्य पुरवलं. पांढरा बर्फ ऊन परतवतो, त्यामुळे गारवा आणखी वाढला. पुढे खोल समुद्राने कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवला आणि हवेतलं त्याचं प्रमाण दहा लाख भागांत सुमारे २८० वरून १८० पर्यंत उतरलं. कक्षेने दिलेला धक्का छोटा होता, तो वाढवला बर्फाने आणि समुद्राने.

सोलापुरात बर्फ नव्हता. मात्र सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि नैर्ऋत्य मॉन्सून दुबळा होता. अरबी समुद्राच्या तळचा गाळ तशी साक्ष देतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या आपल्या मुलखाला त्या काळात सोसावी लागली असणार ती पावसाची ओढ.