बाळ दूध काढतंय, पण वजन वाढतंय ना?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझा पहिलाच मुलगा अडीच महिन्यांचा आहे. जन्माच्या वेळी वजन २ किलो ९०० ग्रॅम होतं. तो फक्त माझंच दूध पितो. पण पाजून खाली ठेवलं की दूध बाहेर. कधी पातळ, कधी दह्यासारखं. दिवसातून सात-आठ वेळा. झोळीला आंबूस वास सुटलाय. सासूबाई म्हणतात, "तुन्हं दूध जड शे, पोऱ्याले पचत नही." म्हणून महिनाभर मी भरीत, ठेचा, शेवभाजी सगळं बंद केलंय. शेजारच्या काकू घुटी द्या म्हणतात. वरचं दूध सुरू करू का? काही औषध आहे का?
— एक आई, पारोळा तालुका

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात मुलाचं आताचं वजन नव्हतं आणि मला आधी तेच हवं होतं. म्हणून संपादकांकडून विचारून घेतलं. दहाव्या आठवड्याच्या लशीला गेलात तेव्हा कार्डावर ५ किलो २०० ग्रॅम लिहिलंय. या वयात बाळाचं वजन रोज २० ते ३० ग्रॅम वाढलं तरी आम्ही समाधानी असतो. तुमच्या मुलाचं त्याहून जास्त वाढलंय. ज्याच्या अंगाला दूध असं लागतंय, त्याला ते जड कसं होईल? सासूबाईंना ते कार्ड दाखवा. त्याही काळजीपोटीच बोलतात.

अन्ननलिका पोटाला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं, बटव्याच्या नाडीसारखं. लहान बाळात ही नाडी अधूनमधून आपोआप सैल पडते. त्यात पोटात सगळं पातळ आणि बाळ दिवसभर आडवं, मग दूध वर येणारच. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की ते दह्यासारखं होतं, म्हणजे पचायला लागलेलं असतं. चौथ्या महिन्याच्या आसपास हे थोडं वाढलं तरी घाबरू नका. बाळ बसायला, खायला लागलं की कमी होतं आणि वर्षाच्या आत बहुतेकांचं थांबतं.

"मॅडम, पाजलेलं सगळंच काढून टाकलं," असं आया मला रोज सांगतात. मी टेबलावर कोरडा पंचा पसरते आणि त्यावर दोन छोटे चमचे दूध ओतते, १० मिली. डाग बघता बघता तळहाताहून मोठा होतो. आई त्या डागाकडे बघते, मग बाळाकडे बघते आणि तिचे खांदे सैल पडतात. तुम्हीही घरी पाण्याने करून बघा.

आता मला विचारायचंय, न्हाऊ घालणाऱ्या मावशी किती वाजता येतात आणि त्याआधी तुम्ही पाजता का? आपल्याकडे मावशी पाय पसरून बाळाला नडगीवर पालथं घेतात, पाठ रगडतात, मग गुडघे दुमडून पोटाला लावतात. भरल्या पोटी हे केलं की दूध बाहेर येणारच. मी कितीतरी घरांत नुसती ही वेळ बदलायला सांगितली आणि निम्मी तक्रार मिटली. आधी मालिश-अंघोळ, मग दूध. लंगोट पोटावर करकचून बांधू नका. ओव्या-शेपाची धुरी आणि घरातली विडी-सिगारेट दोन्ही बंद करा, त्या धुराचा बाळाला त्रासच होतो.

एक बाजू पिऊन झाली की ढेकर काढा, शेवटी परत काढा. मग वीस-तीस मिनिटं खांद्यावर उभं धरा. लगेच झोळीत घालू नका, झोळीत पोट मुडपतं. झोपवायचं ते सपाट अंथरुणावर, उताणं, उशीशिवाय. राईची उशीही नको. उताण्या बाळाला ठसका लागेल ही भीती मला ठाऊक आहे, पण उताणं असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, त्यामुळे वर आलेलं दूध खालीच परततं.

भरीत खा, ताई. बाळंतिणीला नीट जेवू न देणं मला फार लागतं. शौचात रक्त, अंगावर खरजेसारखे चट्टे आणि सततचं रडणं असं एकत्र दिसलं, तरच तुमच्या जेवणातलं गाई-म्हशीचं दूध काही आठवडे बंद करून बघायला डॉक्टर सांगतील. वरचं दूध नको, घुटी नको आणि मध तर वर्षापर्यंत अजिबात नको. वैशाखात जळगाव-भुसावळ कितीही तापलं तरी सहा महिन्यांपर्यंत बाळाला पाणी नको. ते तुम्ही प्या.

औषधाचं म्हणाल तर, आम्ल कमी करणारी औषधं दूध वर येणं थांबवत नाहीत. दवाखाना सुरू केला त्या पहिल्या वर्षी एका रडणाऱ्या आईकडे बघून मी ते लिहून दिलं होतं. तिचं बाळ बाटलीने गरजेपेक्षा जास्त दूध पीत होतं आणि मी तेवढंच विचारायला विसरले होते. तीन महिने त्या घराने औषधाचा खर्च केला. हसऱ्या, वाढत्या बाळाला तेव्हापासून मी ते देत नाही.

पण काही उलट्या वेगळ्या असतात. चोपड्याकडून, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून एक आजी वीस दिवसांच्या नातवाला घेऊन रात्री मोटारसायकलवर आल्या होत्या. उलटीचं फडकं त्यांनी न धुता पिशवीत घालून आणलं होतं. कंदिलाची काच पुसावी तसं त्यांनी ते माझ्यासमोर अलगद उलगडलं. डाग हिरवा होता. आतड्याला पीळ पडला होता, त्याच रात्री शस्त्रक्रियेला पाठवलं आणि पोरगं वाचलं. हिरवी उलटी झाली तर सकाळची वाट बघू नका, फडकंही सोबत न्या. उलटीत रक्त, फुगलेलं पोट, तापासोबत वर आलेली टाळू, दूध नाकारणं, दिवसभरात सहापेक्षा कमी लंगोट ओले होणं, यातही थांबू नका. तीन ते सहा आठवड्यांचं बाळ दर पाजणीनंतर पिचकारीसारखी उलटी करून पुन्हा भुकेलं होत असेल, तर त्याच्या जठराचं तोंड अरुंद झालेलं असू शकतं. तेही लगेच दाखवा.

चौदाव्या आठवड्याच्या लशीला वजन करालच. तो आकडा मला नक्की कळवा.