काळी शाई भरलेली आहे, तरी केस चॉकलेटी का येतात?

प्रश्न : आमच्याकडे दोन कार्ट्रिजवाला साधा इंकजेट प्रिंटर आहे, एक काळं आणि एक कलर. मुलीच्या बारशाचे फोटो ४×६च्या ग्लॉसी पेपरवर काढले तर सगळ्यांचे केस चॉकलेटी आले, सासूबाईंची काळी चंद्रकळा तर हिरवट दिसतेय. काळं कार्ट्रिज अजून भरलेलं दाखवतंय पण कलरचं पंचवीस-तीस फोटोंत संपलं, बॉक्सवर तर त्याहून कितीतरी जास्त पानं लिहिली होती. दुकानदार म्हणतो कॉम्पॅटिबल, म्हणजे याच प्रिंटरला बसणारं दुसऱ्या कंपनीचं कार्ट्रिज घ्या, निम्म्यात येईल. भाऊ म्हणतो हे भंगारात काढ आणि बाटलीतून शाई भरायचा इंक टँक प्रिंटर घे. काय करू? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : ताई, भंगारात काढायची घाई नको, प्रिंटर बहुतेक ठणठणीत आहे. अशा दोन कार्ट्रिजच्या प्रिंटरमध्ये काळी शाई बऱ्याचदा पिगमेंट असते आणि रंगीत शाई डाय. डाय म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग, तो ग्लॉसी पेपरच्या थरात मुरतो म्हणून फोटो चमकदार येतो. पिगमेंट म्हणजे रंगाचे बारीक कण, ते कागदाच्या वर बसतात, त्यामुळे साध्या कागदावर अक्षर कसं टकटकीत काळं येतं आणि ओल्या बोटानेही सहसा फिसकटत नाही, पण ग्लॉसीसाठी न बनवलेली ही काळी शाई तिथे नीट धरत नाही, बोट लागलं की पुसते. म्हणून सेटिंगमध्ये ग्लॉसी फोटो पेपर निवडला की असे बरेच प्रिंटर काळ्याला हातच लावत नाहीत, निळा, गुलाबी आणि पिवळा एकत्र करून काळं बनवतात. म्हणजे तुमची चंद्रकळा तीन रंगांच्या मिश्रणातून आलीय, आणि त्यातला एक जरी कमी पडला तरी काळ्याचं चॉकलेटी नाहीतर हिरवट होणारच. तुमच्याकडे मला वाटतं गुलाबी आधी संपत आला असावा. प्रिंटरच्या मेनूतून नोझल चेकची, म्हणजे प्रत्येक रंग नीट येतोय का ते दाखवणारी प्रिंट काढून बघा, गुलाबी रेघा तुटक दिसल्या की चोर सापडला.

आता पानांचं. बॉक्सवरचा आकडा ठरलेल्या नमुना पानांवर मोजलेला असतो, थोडा मजकूर, थोडी चित्रं आणि बराचसा कोरा कागद. फोटोत कोरं काहीच नसतं, या कडेपासून त्या कडेपर्यंत शाईच शाई. कंपनीने फसवलं असं नाही म्हणता येणार, पण फोटो काढणाऱ्याला तो आकडा काही कामाचा नाही. त्यात तिन्ही रंग एकाच डबीत, म्हणजे एक संपला की उरलेले दोन असून नसल्यासारखे.

कॉम्पॅटिबलचं म्हणाल तर शाळेच्या प्रोजेक्टला खुशाल वापरा. फोटोला नको. प्रिंटरचा हिशोब त्याच्या स्वतःच्या शाईवर बसवलेला असतो, दुसऱ्याच्या शाईची छटा जराशी वेगळी निघाली की ती आधी चेहऱ्यावरच दिसते. साडी थोडी इकडची तिकडे झाली तर कुणाला कळत नाही हो, पण गाल जांभळा पडला की लगेच कळतं. मी स्वतः एकदा सिरिंजने भरून घेतलेल्या कार्ट्रिजवर पुतण्याच्या मुंजीचे फोटो काढले होते, फ्रेम करून समोरच्या भिंतीवर लावले आणि वर्षभरात बटू पार फिका पडला. ऊन थेट येत होतं ही माझी चूक, पण त्याच भिंतीवरचा ओरिजिनल शाईचा फोटो अजून बरा आहे. एकूणच डाय शाईला ऊन आणि मोकळी हवा दोन्ही सोसत नाही, म्हणून अल्बममध्ये किंवा काचेमागे ठेवायचं, आणि काचेमागे घालण्याआधी निदान एक दिवस सुकू द्यायचं. तुमच्याकडे पावसाळ्यात हवा एवढी दमट की फोटो काचेला चिकटलाच समजा, तेव्हा मध्ये माउंटची, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट घालून घ्या.

भावाचं म्हणणं चूक नाही, पण एक गोष्ट विचारा स्वतःला, महिन्याला किती फोटो काढता? दर आठवड्याला थोडे निघत असतील तर टँकवाला घ्या, आणि फोटोसाठीच घेणार असाल तर सहा रंगांचा बघा, त्यात बऱ्याचदा फिका निळा आणि फिका गुलाबी वेगळा असतो म्हणून कातडीचा रंग दाणेदार न दिसता मऊ येतो. पण तुमचे फोटो बारसं, गणपती आणि मग थेट दिवाळी असे निघत असतील तर टँकचं हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, मधल्या काळात वाळू शकतं, मग क्लीनिंग वर क्लीनिंग, आणि ती शाई सगळी आतल्या स्पंजात जाते. तुमच्यासारख्या प्रिंटरमध्ये बहुतेक वेळा हेड कार्ट्रिजलाच असतं, वाळलं तर कार्ट्रिज बदललं की हेडही नवं. वाळल्यासारखं वाटलं तर फेकण्याआधी कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या टिश्यूवर हेडची बाजू दोन मिनिटं टेकवा, तीन रंगांचे तीन पट्टे उमटले की समजा सुटलं. आणि प्रिंटर नेहमी त्याच्या बटणानेच बंद करा, भिंतीवरचा स्विच आधी दाबला तर हेडवर झाकण बसत नाही.

तूर्तास ओरिजिनल कलर कार्ट्रिज घ्या आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले असतील तर डॉक्युमेंट म्हणून परत मागवा, ४×६ला १२०० बाय १८०० पिक्सेल तरी हवेत. पन्नासेक एकदम काढायचे असले तर मात्र पेनड्राइव्ह घेऊन सरळ फोटो लॅबमध्ये जा, घरच्यापेक्षा स्वस्त पडतील.

प्रश्न : ऑफिसात लेझर प्रिंटर आहे, त्यात हाच ग्लॉसी पेपर घातला तर चालेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : अजिबात नको! लेझरमध्ये कागद तापलेल्या रोलरमधून जातो, इंकजेटच्या पेपरवरचा थर तिथे वितळून चिकटू शकतो आणि मग दुरुस्तीचं बिल तुमच्या नावावर. लेझरसाठीचा ग्लॉसी पेपर वेगळा मिळतो, पाकिटावर लेझर लिहिलंय का ते बघून घ्या.