विचारा काहीपण : काउंटी रूरल आहे म्हणून लोन मिळेलच ना?

प्रश्न : काका, आम्ही आयोवात राहतो. बायर एजंट म्हणते तुमची काउंटी (जिल्हा) रूरल आहे, यूएसडीएचं, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याचं, झिरो डाउन (डाउन पेमेंट न भरता) लोन मिळून जाईल. माझं ग्रीन कार्ड आहे, मिस्टर अजून एचवनबी वर्क व्हिसावर. माझा पगार 46,000, त्यांचा 71,000. एक मुलगी, आणि दीर आमच्याकडेच राहतो, कॉलेज फुलटाइम आणि वेअरहाउसमध्ये पार्टटाइम, वर्षाला 14,000 होतात त्याचे. डाउन पेमेंटला फारसं काही साठलेलं नाही. अर्ज करू का?

उत्तर : ताई, करा, पण आधी एजंटबाईंचं ते "काउंटी रूरल आहे" डोक्यातून काढून टाका. काउंटीला कोणी पास-नापास करत नाही, घराच्या पत्त्याला करतात. यूएसडीएच्या साइटवर पत्ता टाकला की नकाशा येतो, त्यात रंगवलेला भाग म्हणजे लोन नाही आणि मोकळा भाग म्हणजे चालेल, बरेच लोक बरोब्बर उलटं वाचतात. एकाच काउंटीत शहराला चिकटलेलं सबडिव्हिजन (घरांची वसाहत) बाद होतं आणि पुढचं गाव चालतं, म्हणून घर बघायला जायच्या आधीच, गाडीत बसल्या बसल्या फोनवर पत्ता टाकून बघायचा.

आता स्टेटस. अर्जदार साधारणपणे सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला लागतो, एचवनबी यात बसत नाही, म्हणजे अर्ज तुमच्या एकटीच्या नावावर. इथपर्यंत ठीक.

खरी गंमत पगाराची आहे. उत्पन्नाची मर्यादा बघताना घरात राहणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांची कमाई धरतात, लोनवर नाव असो नसो. 2025 मध्ये बहुतेक काउंट्यांना चार माणसांपर्यंत 1,19,850 डॉलर आणि पाच ते आठ माणसांना 1,58,250 अशी मर्यादा आली, महागड्या भागात त्याहून जास्त. तुम्ही चौघं. सरळ बेरीज केली तर 1,31,000, झालं, आउट! पण दीर फुलटाइम स्टुडंट आहे, त्याच्या कमाईतले फक्त पहिले 480 डॉलर धरतात, म्हणजे 1,17,480, बसलात की आत. मुलीच्या डेकेअरचा खर्च वजा होतो तो वेगळाच. फक्त दिराचं कॉलेजचं फुलटाइम एनरोलमेंटचं पत्र आत्ताच काढून ठेवा, आणि त्याने मध्येच एखादी सेमिस्टर सोडली तर हा हिशोब कोसळतो हे त्यालाही सांगून ठेवा.

आणि इथेच लोक फसतात. मिस्टरांचा पगार मर्यादेत मोजायला येतो, हप्ता फेडायला येत नाही. फेडायची ताकद बघतात ती अर्जदाराचीच, म्हणजे तुमचे 46,000, महिन्याला साधारण 3,833. नियम ढोबळमानाने 29 आणि 41 टक्क्यांचा: घराचा हप्ता, प्रॉपर्टी टॅक्स, इन्शुरन्स सगळं धरून महिन्याच्या पगाराच्या 29 टक्के, म्हणजे 1,110 च्या आसपास, आणि गाडीचा हप्ता, स्टुडंट लोन, कार्डांची मिनिमम पेमेंटं मिळवून 41 टक्के, म्हणजे 1,570. प्रोफाइल चांगला असेल तर लेंडर थोडं ताणतात पण थोडंच. त्यात क्रेडिट स्कोअर 640 च्या खाली असेल तर फाइल सिस्टिममधून सरळ पुढे जात नाही, माणूस बसून तपासतो. मिस्टरांची कर्जं आयोवात तुमच्या डोक्यावर येत नाहीत हे नशीब, विस्कॉन्सिनात असता तर तिथल्या नवरा-बायकोच्या सामाईक मालमत्तेच्या कायद्यामुळे त्यांचीही धरली असती.

झिरो डाउन म्हणजे फुकट नाही हेही बघा. सुरुवातीला लोनच्या 1 टक्का गॅरंटी फी, ती लोनमध्येच घालता येते, आणि दरवर्षी उरलेल्या लोनवर 0.35 टक्के, ती हप्त्यातून जाते. क्लोजिंग कॉस्ट वेगळी.

एवढ्या बजेटमध्ये तुमच्या गावात मनासारखं घर मिळत असेल तर लगेच यूएसडीए. नसेल तर माझं मत, साधं कन्व्हेन्शनल (सरकारी हमी नसलेलं) लोन दोघांच्या नावावर बघा, पहिलंच घर असेल तर 3 टक्के डाउनवर होतं आणि एचवनबी तिथे चालतो, दोन्ही पगार धरले जातात. एफएचए (सरकारी हमीचं दुसरं लोन) सुचवेल कोणीतरी, पण 25 मे 2025 पासून मिस्टरांसारख्यांना ते बंद झालंय, तिथेही तुम्ही एकट्याच उरता.

प्रश्न : घराबरोबर जुना बार्न (गोठा) आणि थोडी जमीन आहे. शेळ्या पाळायच्यात. यूएसडीए अडवेल का?

उत्तर : बार्नमध्ये आता धंदा चालत नसेल, नुसतं सामान पडलेलं असेल तर अडत नाही. घरच्या दुधापुरत्या दोन शेळ्यांनाही कोणी हरकत घेणार नाही. पण दूध विकून कमाई करायचा प्लॅन असेल तर हे लोन नाही, शेतीचं लोन वेगळं असतं, आणि घराची किंमत ठरवणारा अप्रेझर येईल तेव्हा बार्नमध्ये मिल्किंग मशीन चालू दिसलं तर त्याला काय सांगाल?