परसातल्या कोंबड्यांच्या आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून काय करावे?

केवळ अंड्यांसाठी कोंबड्या पाळल्या असतील, तर कोंबडा ठेवण्याची गरजच नाही; त्याच्याविनाही माद्या अंडी देतात, फक्त त्यांतून पिल्ले निघत नाहीत. पिल्लांसाठी कोंबडा हवाच असेल, तर रात्री त्याला अंधाऱ्या पण हवेशीर खुराड्यात कोंडावे आणि छत इतके ठेंगणे ठेवावे, की नीट उभे राहता येईल, पण मान ताणून आरवता येणार नाही. मात्र पहाटेचे आरवणे शरीरातील घड्याळावर चालते, हे नागोया विद्यापीठातील संशोधकांनी 2013 मध्ये दाखवले असल्यामुळे अंधाराने त्याचे तोंड पूर्ण बंद होईल, अशी आशा बाळगू नये. अंडे घातल्यावरचे मादीचे ओरडणे थोड्या वेळात आपोआप शमते. अवेळी कलकलाट झाला, तर आधी मुंगूस फिरकले आहे का ते पाहावे.